दोन टोकांचा फोटो

"पप्पा, लग्नात फेट्याऐवजी टोपी दिली म्हणून तुम्ही दोन वर्षं मोठ्या काकांशी बोलत नाही, हे खरं आहे का?"

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे तोंड माझं, पण प्रश्न आमच्या वर्गातल्या शेवटून दुसऱ्या बाकाचा. मधल्या सुट्टीत आम्रपालीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवता संपवता मी आमच्या घरची ही गोष्ट सांगितली, तर कुणाचा विश्वासच बसेना. "टोपीवरून? काहीही सांगू नको," असं सगळ्या म्हणाल्या. आणि आम्रपाली म्हणाली, "हिंमत असेल तर विचारून दाखव. आईच्या आडून नाही. समोरासमोर, जेवताना."

गेल्या वर्षीची मी असते तर चटणी खाऊन गप्प बसले असते. तेव्हा मी हजेरीसुद्धा इतक्या बारीक आवाजात द्यायचे की बाई मला अधूनमधून गैरहजर मांडायच्या. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत भाषण मधेच विसरले, आणि रडायच्या ऐवजी विसरण्यावरच बोलत सुटले, तर चक्क उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तेव्हापासून कुणालाही काहीही विचारता येतं असा माझा समज झाला आहे. घरच्यांना हा समज जरा जास्तच वाटतो.

पप्पांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि तिथंच विसरले.

"सुरेखा, हिला दहावीचा अभ्यास नाही का?"

"आहे की," आई म्हणाली. "पण तिनं काहीतरी विचारलंय."

पप्पा उठले, पंखा एक नंबरनं वाढवला आणि परत येऊन बसले. "टोपीचा प्रश्नच नाही तो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "टॉवेलचा पण नाही." मग हात धुवायला गेले. याला उत्तर म्हणायचं असेल तर मी पैज जिंकले.

ज्यांना आमच्याकडची लग्नं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लग्नात घरच्या माणसांना फेटा बांधतात आणि आलेल्या पाहुण्यांना टोपी-टॉवेल देतात. म्हणजे कोण घरचा आणि कोण बाहेरचा हे डोक्याकडं बघून कळतं, आधारकार्ड लागत नाही. ऋतुराजदादाच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या मुलाच्या लग्नात आमच्या गावी, पाचोडला, फेटे बांधणं चालू होतं, तेव्हा माझे पप्पा आचाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून भात करपू नये याची काळजी घेत होते. भात वाचला. पण ते मांडवात येईपर्यंत फेट्याचं कापड संपलं होतं, कारण नवरीकडून न सांगितलेले मामा आले होते. मोठे काका गडबडीत. कुणीतरी पुढं झालं आणि पप्पांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ ठेवून मोकळं झालं. नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याला! आणि तेही माझ्या पप्पांना, ज्यांनी मोठ्या काकांच्या स्वतःच्या लग्नात त्यांना फेटा बांधला होता. सारजाबाई आजी सांगते की कॉलेजात असताना अख्ख्या गॅदरिंगचे फेटे आमचा इंद्रजीतच बांधायचा. कुणाचा फेटा वाकडा दिसला तर पप्पांना आजही जेवण जात नाही.

पप्पा वाचवलेला भात न खाता परत आले. ती टोपी आमच्या कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून आहे. आई दिवाळीला कपाट पुसते तेव्हा टोपीच्या भोवतीनं पुसते.

तरी संबंध तुटले असं म्हणता येत नाही. पाचोडहून काका मोसंबीचं पोतं एसटीनं पाठवतात, तात्यासाहेबांच्या, म्हणजे आजोबांच्या, बीपीच्या गोळ्या पप्पा त्याच एसटीनं पाठवतात. पप्पा मोसंबी खातात. बिया काढून, मीठ लावून, चवीनं. त्यांचं भांडण काकांशी आहे, मोसंबीशी नाही.

हे असंच चालत राहिलं असतं, पण तात्यासाहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "मला हार नको, भाषण नको, केक तर अजिबातच नको. सगळ्यायचा मिळून एक फोटू पाहिजे. एकच. तुकडे नकोत." लग्नाच्या अल्बममध्ये फोटो ढीगभर आहेत, पण सगळे एकत्र आहेत अशा एकाही फोटोत पप्पा नाहीत. तात्या तो अल्बम बघतात आणि मिटून ठेवतात, असं आजी म्हणते.

पप्पांनी होकार दिला. "येणार. पण मी विश्वजीतच्या बाजूला उभा राहणार नाही." पूर्वी ते त्यांना 'भाऊ' म्हणायचे. पाचोडहून आजीमार्फत तोच निरोप आला, फक्त नाव बदलून. मग फोटो काढायचा कसा? मध्ये अंतर ठेवून उभं केलं तर ते अंतरच फोटोत उठून दिसणार. तात्या काही खुळे नाहीत.

आणि मी तोंड उघडलं. "फोटो मी काढते. तुम्ही दोघं दोन टोकांना."

माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे. जुन्या रीळवाल्या रुंद कॅमेऱ्यासारखे फोटो काढतं. मोबाईल हातात धरून आपण हळूहळू फिरायचं, आणि ते समोरचा एक एक पट्टा उचलून जोडत जातं. साधा कॅमेरा अर्ध्या गोलातच थकतो, हे ॲप म्हणाल तर पूर्ण गोल फिरतं. रंग जुन्या लग्नांतल्या फोटोंसारखे, जरासे पिवळट. पण त्याची एक खोड आहे. त्यात रीळ असतं. एका रिळात मोजकेच फोटो, आणि काढलेला फोटो लगेच दिसत नाही. 'रीळ धुवायला टाकलंय' असं म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवतं. पप्पांनी हे ऐकल्यावर विचारलं, "म्हणजे इतक्या वर्षांत विज्ञानानं जी कटकट संपवली ती तू मुद्दाम परत आणलीस?"

सराव हवा होता. मी आणि आम्रपाली आधी आमच्या शहरातल्या क्रांती चौकात गेलो. तिथले फोटो दुसऱ्या दिवशी धुऊन आले तेव्हा मला कळलं की या कॅमेऱ्याला घाई आवडत नाही आणि क्रांती चौकाला दुसरं काही येत नाही. मी ज्या बाजूला फिरत होते त्याच बाजूला एक सिटी बस निघाली, ती फोटोत इतकी लांबली की तिचा मागचा भाग बहुतेक स्टेशनला पोचला असावा. उलट दिशेनं आलेले एक काका पापडासारखे चपटे झाले. शहागंजात केळीच्या गाडीवाल्या चाचांना मी विनंती केली की जरा हलू नका. ते इतके मन लावून स्तब्ध उभे राहिले की गिऱ्हाईक पैसे हातात धरून ताटकळलं. त्यांनी डोळासुद्धा हलवला नाही, नुसत्या ओठांतून विचारलं, "हुआ क्या बेटा? हल्लू कर, मगर कर."

मग एका बागेत गेलो, तर तिथल्या वॉचमननं माझ्या तीन पायांच्या स्टँडकडं बोट दाखवलं. "ये नहीं चलता. हात में पकड़े तो फोटो, डंडे पे लगाए तो शूटिंग. शूटिंग को परमिशन लगती."

"कुणाची?"

"ऑफिस की."

ऑफिसात सांगितलं, शाळेचं पत्र आणा. शाळेत सांगितलं, पालकांचं पत्र आणा. पप्पांनी सांगितलं, आईला विचार. आई म्हणाली, "हातात धरून काढ." एवढं फिरून शेवटी वॉचमनचंच म्हणणं खरं ठरलं.

त्या बागेत एक शोध मात्र लागला. मी फोटो सुरू केला तेव्हा आम्रपाली डाव्या टोकाला उभी होती. मोबाईल तिच्यावरून पुढं सरकला तशी ती माझ्या पाठीमागून धावत उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी फोटो बघितला तर त्यात दोन आम्रपाल्या! डावी शांत, उजवी धापा टाकत असलेली. आम्ही हसून हसून बेजार झालो. पण नंतर मी त्यावर बराच विचार केला. आपल्याला वाटतं फोटो म्हणजे एक क्षण. हा फोटो तसा नसतोच. त्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जायला मिनिटभर लागतं, आणि ते मिनिट त्यात पसरून पडलेलं असतं. उजवी आम्रपाली डावीपेक्षा मिनिटभरानं मोठी होती. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "अक्कल तेवढीच आहे."

हातात धरून काढलेले फोटो मात्र खिडकीत वाळत टाकलेल्या साडीसारखे लाटालाटांचे यायचे, कारण मी फिरताना पाऊल उचललं की मोबाईल हलायचा. इथं आमच्या शेजारचे बद्रीनाथ काका मदतीला आले. ते न बोलावता येतात, म्हणून मदतीला आले असं म्हणायचं. त्यांनी आधी सांगितलं की ग्रुप फोटोत उंच मागे आणि बुटके पुढे हवेत. मी समजावलं की काका, इथं माणसं गोलात उभी राहणार आणि मी मध्ये.

"मध्ये? म्हणजे फोटो आतून काढायचा?"

"हो."

"मी इतकी वर्षं फोटो काढून घेतोय, सगळे बाहेरून निघाले," असं म्हणून ते पाच मिनिटं चिंतेत बसले. मग त्यांचं लक्ष माझ्या अभ्यासाच्या खुर्चीकडं गेलं. दहावीसाठी पप्पांनी हौसेनं आणलेली, चाकांची, गोल फिरणारी. "हिच्यावर बस अन् फीर!" खरं सांगते, कल्पना चांगली होती. फक्त खुर्ची फिरताना कोंबडीसारखी ओरडायची. बद्रीनाथ काकांनी घरून शिलाई मशीनचं तेल आणलं आणि इतकं ओतलं की खुर्ची गप्प झाली आणि माझा पिवळा ड्रेस कायमचा गेला.

अशा रीतीनं रविवारी सकाळी आमची गाडी टपावर खुर्ची बांधून पाचोडला निघाली. पप्पा कचेरीत हेडक्लार्क आहेत आणि रस्त्यावर लोकांनी आपल्याकडं बघू नये असं त्यांना मनापासून वाटतं. आडूळला चहाला थांबलो तर टपरीवरच्या आजोबांनी वर बघून विचारलं, "कोन्या सायबाची बदली झाली म्हनायची?"

"नाही, फोटो काढायला चाललोय," आई म्हणाली.

"खुर्चीचा?"

पप्पा अर्धा चहा टाकून गाडीत जाऊन बसले. माझ्याशी ते पाचोडपर्यंत बोलले नाहीत. हे त्यांना चांगलं जमतं.

पाचोडला गेल्यावर आधी बोलणी. शेतातल्या खळ्यावर, जिथं तूर-सोयाबीन वाळवतात तिथं, सिमेंटची मोठी सपाट जागा आहे. ती नक्की झाली. पण काकांनी मला बाजूला घेतलं. "मोनी, मी थोरला हाय. फोटूत उजवी बाजू माझी." मी म्हणलं, व्हय. मग पप्पांकडं गेले. ते म्हणाले, "उजवी त्याला दे. पण फोटो कुणापासून सुरू होतो?" डावीकडून. "मग डावं टोक माझं." अशी मी उजवा मान काकांना आणि पहिला मान पप्पांना वाटून टाकला. दोघंही जिंकले होते. मी स्वतःवर इतकी खूष झाले की मोठेपणी परराष्ट्र खात्यात जावं का, असाही विचार करून झाला.

फेट्यांचं म्हणाल तर काकांनी यावेळी कापडाचा असा डोंगर आणला होता की घरच्यांना झाले, भावकीला झाले, मंडपवाल्याला झाला, लेकरांना झाले, आणि उरलेला एक कुणीतरी बुजगावण्याला बांधला. फेटेवाला सगळ्यांत आधी पप्पांसमोर येऊन उभा राहिला. कुणी पाठवला होता हे सांगायची गरज नव्हती. पप्पा म्हणाले, "मला माझा बांधता येतो," आणि आरशाशिवाय, झटझट, वर तुरा आणि पाठीवर सोडलेल्या शेमल्यासकट असा बांधला की फेटेवाला बघत राहिला. काका लांबून बघत होते. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "मांडवाची दोरी ढिली झालीया," आणि दोरीकडं गेले.

मी चुन्याची फक्की टाकून अर्धा गोल आखला. मध्यावर तात्यासाहेब आणि आजी, डाव्या टोकाला पप्पा, उजव्या टोकाला काका, आणि दोघांच्या मध्ये सगळं घराणं. कागदावर काढलं होतं तसं झालं. आणि मग भावकी यायला लागली. "आमाला फोटूत घेत नाय व्हय गं?" असं विचारणाऱ्या बायांना नाही म्हणायला जी हिंमत लागते ती वक्तृत्व स्पर्धेत मिळत नाही. आवडाबाई आत्या सुना-नातवंडांसकट आल्या, शेजारच्या मळ्यातले आले, ज्या मळ्याशी बांधावरून भांडण आहे तेही आले आणि नेमके ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याच बाजूला उभे राहिले. जागा करायला सगळे सरकायचे. अर्ध्या गोलाचा पाऊण गोल झाला. मी पुन्हा फक्की टाकली. मग ऋतुराजदादाचे सासरे आले, त्यांचे ते मामासुद्धा.

शेवटी खुर्चीवर बसून मी फिरून बघितलं. गोल पूर्ण झाला होता. डावं टोक आणि उजवं टोक एकमेकांना येऊन भिडलं होतं. फोटोत एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब उभे असलेले माझे पप्पा आणि माझे काका खांद्याला खांदा लावून उभे होते.

दोघांनाही ते त्याच वेळी कळलं.

"मोनिका," पप्पा दातांतून म्हणाले, "हे काय आहे?"

"टोक आहे, पप्पा. डावं."

"अन् ह्ये?" काका.

"हे पण टोकच, काका. उजवं."

"मंग त्याला म्हनावं पलीकडं सरक."

"मी का सरकू? माझं टोक आहे."

खरंच होतं ते. जो सरकेल तो टोकाचा राहत नव्हता, मधला होत होता. आवडाबाई आत्या मदत करायच्या सुरात म्हणाल्या, "इश्वजीत, तू ये की हिकडं माझ्याजवळ." काका म्हणाले, "मी हितंच बरा हाय." पप्पांनी पाय जरा आणखी रोवले. सरळ समोर, माझ्या मोबाईलकडं बघत दोघं असे उभे राहिले की जणू बाजूला भिंत आहे. तात्यासाहेब समोरून, गोलाच्या पलीकडून, हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. ते हसत नव्हते. लेकरू पहिल्यांदा उभं राहायला लागलं की आपण त्याला हात लावत नाही, नुसतं बघतो, तसे बघत होते.

रिळात एकच फोटो शिल्लक होता. बाकीचे मी सकाळपासून म्हशीवर आणि मोसंबीच्या बागेवर उधळले होते. नवीन रीळ उद्या सकाळी. म्हणजे हा चुकला तर तात्यांचा फोटो राहिलाच, कारण ही दोन माणसं पुन्हा अशी उभी राहणार नव्हती. मी मोबाईल छातीशी धरला आणि ओरडले, "आता कुणी हलायचं नाही! मी तुमच्या पुढून जाईपर्यंत!"

सुरुवात पप्पांपासून. पडद्यावर फक्त एक अरुंद पट्टी दिसते, बाकी सगळं अंधारात. त्या पट्टीत पप्पांचा सरळ, रुसलेला, सुंदर फेटा बांधलेला चेहरा आला आणि सरकला. मग आई, मग लेकरं, मग आवडाबाई आत्यांचा अख्खा गोतावळा. बद्रीनाथ काकांच्या तेलानं खुर्ची लोण्यासारखी फिरत होती. मी टाचेनं इतकी हळू रेटत होते की माझा श्वाससुद्धा मी हप्त्याहप्त्यानं घेत होते. तात्या-आजी आले. तात्यांनी मोबाईलकडं बघितलंच नाही, माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. मला ओरडावंसं वाटलं की तात्या, इकडं! पण तोंड उघडलं असतं तर हात हलला असता.

तेवढ्यात वारं सुटलं. खळ्यावर वारं येतंच, म्हणून तर तिथं धान्य उफणतात, पण हे मला आधी सुचायला नको? फेटेवाल्यानं डोंगर बांधायच्या घाईत काही फेटे ढिले सोडले होते. माझ्या पाठीमागं "अगं बाई" झालं, कुणीतरी "विश्वजीतराव, फेटा!" म्हणालं. मी वळून बघू शकत नव्हते. काकांना मी हलू नका म्हणून सांगितलं होतं आणि काका हलत नव्हते. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मी फिरत राहिले. मामा आले, सासरे आले, ऋतुराजदादा आला, आणि पट्टीत काका आले, पण माझं सगळं लक्ष तेव्हा टाचेकडं होतं, पडद्याकडं नव्हतंच. नंतर फोटो संपल्याचा 'टक्' असा आवाज आला.

मी वर बघितलं तेव्हा दोघं आपापल्या टोकाला, सरळ समोर बघत, जणू बाजूला भिंत आहे असे उभे होते.

जेवताना पप्पांनी भात मागून घेतला, एवढंच.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी रीळ धुऊन आलं. फोटो इतका लांब होता की मोबाईलवर तो बोटानं सरकवत सरकवत बघावा लागत होता. डाव्या टोकाला पप्पा, फेटा सरळ, चेहरा कपाटावरच्या टोपीसारखा. मग सगळे. तात्या माझ्या डोक्यावरून पलीकडं बघतायत. आता मला कळलं ते कुठं बघत होते ते. कारण उजव्या टोकाला काका होते, हात बाजूला ताठ, शाळेत कवायतीला उभं राहतात तसे. त्यांचा फेटा एका अंगानं सुटला होता. आणि फोटोच्या कडेतून दोन हात आत आले होते. एका हातानं तो फेटा दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातानं शेमला खोचला जात होता. हातांच्या मागं अर्धा चेहरा होता. माझ्या पप्पांचा. ओठांत जीभ धरलेला, सगळं विसरून कामात बुडालेला चेहरा. आजी सांगते तो गॅदरिंगवाला.

माझे पप्पा एका फोटोत दोनदा आले होते. मध्ये आमचं सगळं घराणं, आणि एक मिनिट.

मी फोटो 'तात्यासाहेब परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर पप्पा आणि काका दोघंही आहेत आणि दोन वर्षं फक्त फुलांची चित्रं टाकतात. थोड्याच वेळात ऋतुराजदादाच्या मोबाईलवरून तात्यांचा आवाज आला. ते मोबाईलशी बोलताना लांबच्या शेतातल्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. "मोनेऽ, ह्यो डावीकडचा फुगलेला कोन हाय, मला काय वळखू येईना. उजवीकडचा मात्र आपला इंद्रजीत हाय. मोठा करून आन गं फोटू. भिंत मोकळी करायलोय."

पप्पांनी ते ऐकलं. चहा खाली ठेवला. फोटो बोटांनी मोठा करून बघितला, लहान करून बघितला.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "फक्त उजवीकडून चार बोटं काप."

"का?"

"मी आधीच एकदा आहे ना त्यात. दोनदा कशाला? लोक हसतील. म्हणतील, मीच गेलो त्याच्याकडं."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. मोठे काका. आईनं स्पीकरवर टाकला. आमची आई कमी बोलते पण बटणं बरोबर दाबते.

"सुरेखा, मोनीला सांग, फोटू झकास. फकस्त कडंचे त्ये हात तेवढे काढून टाक म्हनावं. लोक म्हनतील इश्वजीतला सोताचा फेटा सांभाळता येईना."

"बरं, भाऊजी," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पप्पा माझ्याकडं बघत नव्हते. मी विचार करत होते. दोन वर्षांत या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे ते दोघं जिथं एकत्र आले होते तीच जागा कापून टाकायची. कापणं सोपं आहे. ॲपमध्ये त्याला एक बोट ओढायचं, एवढीच मेहनत. कापला की फोटो एकदम व्यवस्थित. दोन टोकं, दोन भाऊ, मध्ये सगळं घर. तात्या तोही भिंतीवर लावतील, आणि बघून अल्बमसारखा मिटता येत नाही म्हणून रोज बघतील.

मी उठून उभी राहिले. गेल्या वर्षीची मी असते तर आवाज निघाला नसता.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. फोटो मी काढलाय, तर तो मी कापणार नाही. आज शाळेतून येताना तो आहे तसा, पूर्ण लांबीचा, छापायला देणार आहे. कापायचाच असेल तर एकच रस्ता आहे. तुम्ही आणि मोठ्या काकांनी आधी एकमेकांना फोन करायचा, आपसात ठरवायचं, आणि मग दोघांनी मिळून मला सांगायचं. एकट्याचं कुणाचंच ऐकणार नाही. दुकान संध्याकाळी उघडतं."

आणि मी पप्पांचा मोबाईल उचलून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला, नंबर लावून नाही, नुसता ठेवला, आणि दप्तर घेऊन निघाले.